कचऱ्यावरचे रान

शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आज तेथे दाट झाडी दिसते. १९७० च्या दशकात मात्र या जागी मुंबईचा कचरा टाकला जाई! १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

अशा जागी झाडे जगवणे सोपे नसते. दडपलेल्या कचऱ्यात हवा खेळत नाही. तेथे ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू वाढतात आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हे वायू मातीच्या पोकळ्यांतला ऑक्सिजन हुसकावतात. मुळांनाही श्वसन लागते, हे आपण वर्गात सांगतोच. येथे रोप भरपूर पाणी घालूनही गुदमरून मरू शकते. शिवाय कचरा कुजेल तशी जमीन खचते. म्हणून वर चांगली माती पसरायची आणि काटक झाडे आधी लावायची.

पुढचे काम पालापाचोळ्याचे. बुरशी, वाळवी, गांडुळे त्याची माती करतात. (आपल्या कित्येक शाळांच्या आवारात तो झाडून पेटवला जातो!)

विद्यार्थ्यांना तेथे नेलेत, तर आधी झाडाखालची मूठभर माती हुंगायला द्या, फुलपाखरे नंतर. खाली गाडलेली काच मात्र कुजत नाही. ती अजून तशीच असेल.