चौकीनौका : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन किनारासंरक्षणाचे एक दुर्लक्षित अंग

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन आरमाराचा विचार करू लागले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी साहजिकच 'बिस्मार्क'सारख्या महानौकेकडे, अथवा अटलांटिक महासागरात संचार करणाऱ्या पाणबुड्यांकडे वळते. तथापि १९४० च्या उन्हाळ्यात या आरमाराच्या शिरावर एक अगदी निराळा भार येऊन पडला. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंतचा किनारा जर्मनीच्या हाती आला आणि तो राखण्यास लागणारी जहाजे मात्र तिच्यापाशी नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात नार्विक येथे तिच्या दहा विनाशिका नष्ट झाल्या होत्या. म्हणजे त्या जातीच्या जेवढ्या नौका शिल्लक होत्या त्यांतील निम्म्या एका ठिकाणी गेल्या. ही उणीव ज्या जहाजांनी भरून काढली ती बव्हंशी कालपरवापर्यंत मासे पकडणारी होती. या जहाजांनी नेमके कोणते कार्य केले आणि ते कितपत साधले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम परिभाषा स्पष्ट केली पाहिजे. पहाऱ्यावरील अशा जहाजास जर्मन आरमारात 'फोरपोस्टेनबोट' म्हणत. 'फोरपोस्टेन' म्हणजे सैन्याच्या पुढे मांडलेली चौकी. म्हणून 'चौकीनौका' हा प्रतिशब्द येथे योजला आहे. यांच्या क्रमांकांत एक सोयीची खूण असे. 'व्ही १५०९' या नावावरून ती पंधराव्या तुकडीतील नववी नौका, एवढे चटकन समजते. 'यूजे' हे पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या नौकांचे चिन्ह होते. 'आर' हे उथळ पाण्यातील सुरुंग काढणाऱ्या लहान लाकडी नौकांचे, आणि 'एम' हे मुख्यतः त्याहून मोठ्या सुरुंगकाढू जहाजांचे. या सर्वांच्या कार्यास मिळून 'झिखेरुंग', म्हणजे जलमार्ग निर्धोक राखणे, अशी संज्ञा होती. फ्रान्सच्या बाजूस या दलाचे नेतृत्व १९४३ पर्यंत फ्रीडरिश रूगे यांच्याकडे होते. हेच रूगे पुढे रोमेलचे आरमारी सल्लागार झाले, आणि १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या आरमाराचे पहिले प्रमुखही झाले.

ही कल्पना नवी नव्हती. २८ ऑगस्ट १९१४ रोजी हेलिगोलँडच्या उपसागरात टॉर्पेडोनौकांची पहारारांग मांडलेली असता ब्रिटिशांनी धुक्यात तीवर छापा घातला. तिच्या साहाय्यास लहान क्रूझर जहाजे एकामागून एक धावली आणि त्यांपैकी तीन बुडाली. ओहोटीमुळे मोठी जहाजे वेळेवर बाहेर पडू शकली नाहीत. पहाऱ्यासाठी मूल्यवान युद्धनौका गुंतविणे किती महाग पडते हे त्या एका सकाळी दिसून आले. पुढे तेथे सुरुंग पेरण्यात आले आणि पहारा शस्त्रसज्ज मच्छीमार जहाजांकडे सोपविण्यात आला.

खोल समुद्रात जाळे ओढणारे ट्रॉलर जहाज या कामास योग्य का ठरावे, हे त्याच्या बांधणीवरून कळते. उत्तर अटलांटिकच्या वादळात आठवडेच्या आठवडे तग धरण्यासाठीच ते बांधलेले असते. जाळे ओढण्याची त्याची यंत्रसामग्री सुरुंग काढण्याची दोरखंडे ओढण्यासही तितकीच उपयोगी पडते. शिवाय ते कोळशावर चाले, आणि ही बाब वाटते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. खनिज तेलाच्या टंचाईने जर्मनीची मोठी जहाजे बंदरात अडकून पडत. कोळसा मात्र घरचा होता. म्हणूनच १९४० च्या नमुन्याची नवी सुरुंगकाढू जहाजेदेखील मुद्दाम कोळशावर चालणारी बांधण्यात आली. अशा ट्रॉलरवर पुढे एक तोफ, बहुधा ८.८ सेंटिमीटरची, काही विमानविरोधी तोफा आणि पाणबुड्यांवर टाकावयाचे स्फोटक गोळे चढविले की चौकीनौका सिद्ध होई. जिंकलेल्या देशांची मच्छीमार जहाजेही याच कामी जुंपली गेली. वेग मात्र ताशी दहा-बारा सागरी मैलांच्या आसपास. शत्रूपासून पळून जाणे या नौकांच्या नशिबी नव्हतेच.

किनारासंरक्षण म्हटले की शत्रूचे सैन्य उतरू न देणे एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. प्रत्यक्षात या नौकांचे नित्याचे काम वाहतूक चालू ठेवण्याचे होते. स्वीडनचे लोहखनिज, नॉर्वेला जाणारा कोळसा, रॉटरडॅमकडे येणारा माल, हे सर्व किनाऱ्याकिनाऱ्याने जाई. एप्रिल १९४० पासून ब्रिटिश विमाने या मार्गांवर सुरुंग टाकू लागली. युद्धाअखेर त्यांच्या एका बॉम्बफेकी दलाने टाकलेल्या सुरुंगांची संख्या ४५ हजारांवर गेली होती. जहाजाच्या पोलादी सांगाड्याने चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक ओळखून फुटणारा सुरुंग सर्वांत त्रासाचा. त्यावर 'श्पेरब्रेखर' नावाची जहाजे हा एक उपाय होता. व्यापारी जहाजाचे तळघर तरंगणाऱ्या पदार्थांनी भरावे, त्यावर प्रचंड विद्युच्चुंबक बसवावा आणि ते तांड्याच्या पुढे हाकावे. सुरुंग दूर अंतरावरच फुटला तर उत्तम, आणि अगदी जवळ फुटलाच तर जहाज लगेच बुडू नये, असा हिशेब. पण सुरुंग करणाराही स्वस्थ बसला नव्हता. पहिली काही जहाजे जाऊ देऊन नंतरच फुटणारे सुरुंग निघाले, तेव्हा एकच मार्ग पुनःपुन्हा झाडणे भाग पडू लागले.

भूमध्य समुद्रात आणखी एक प्रकार पुढे आला. इंग्लंडवरील नियोजित स्वारीच्या गरजेतून जन्मलेला 'मारिनेफेअरप्राम' हा सपाट तळाचा पडाव सुमारे ४७ मीटर लांब असूनही जेमतेम दीड मीटर पाण्यात तरंगे. परिणामी ब्रिटिशांच्या टॉर्पेडोनौकांचे बाण त्याच्या तळाखालून निघून जात. काही पडावांवर ८.८ सेंटिमीटरच्या दोन तोफा चढवून त्यांचे तरते तोफखानेच करण्यात आले. अखेर मार्च १९४४ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांनी टॉर्पेडोचा नाद सोडून तोफा चढविलेले उतरण-पडाव आणले आणि एका रात्रीत असे सहा पडाव बुडविले. पडावावर पडाव हाच तोडगा निघावा, हे या युद्धप्रकाराचे मोठे बोलके लक्षण आहे.

आता चौकीच्या मूळ कामाकडे, म्हणजे शत्रू येत असल्याची वर्दी देण्याकडे वळू. १९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे दिएप्पवर छापा घालण्यास निघालेल्या ब्रिटिश कमांडोंच्या होड्यांची गाठ बूलोन्यकडून येणाऱ्या पाच लहान मालवाहू नौकांच्या तांड्याशी पडली. या तांड्याबरोबर 'यूजे १४०४', 'यूजे १४११' व 'एम ४०१४' अशा तीन रक्षकनौका होत्या. चार वाजण्यास काही मिनिटे असताना गोळीबार सुरू झाला. 'यूजे १४०४' बुडाली. परंतु कमांडोंच्या तेवीस होड्यांची पांगापांग झाली आणि त्यांतील केवळ सात त्या विभागात किनाऱ्याला लागल्या. बेर्नव्हाल येथील तोफखाना काबीज करण्याचा बेत त्यामुळे फसला, जरी वीसएक सैनिकांच्या एका टोळीने त्यास काही काळ बेजार केले. ब्रिटिश रडारने हा तांडा आधीच टिपला होता आणि तशा सूचना दोनदा पाठविल्याही होत्या, ही गोष्ट वेगळी.

या चकमकीचा दुसरा भाग अधिक विचारार्ह आहे. समुद्रावर एवढा गोंगाट होऊनही किनाऱ्यावर सर्वत्र धोक्याची घंटा वाजली नाही. तांड्यांवरील हल्ले खाडीत नेहमीचेच असल्याने हाही त्यांपैकीच एक, असा समज झाला. चौकीने पाहिले, पण पाहिलेल्याचा अर्थ लावणारा किनाऱ्यावरच होता. पहाऱ्याच्या यशापयशाचा दोष किंवा श्रेय केवळ नौकांच्या माथी मारणाऱ्या लेखकांनी हा भेद ध्यानात घेतलेला दिसत नाही.

नॉर्मंडीत याच्या उलट घडले. ५ जून १९४४ रोजी हवा खराब होती. अशा समुद्रात शत्रू उतरणार नाही, असा तर्क करून पश्चिम विभागाचे सेनापती ॲडमिरल क्रांके यांनी त्या रात्रीचा पहारा रद्द केला. संध्याकाळी उजेड असतानाच दोस्तांची सुरुंगकाढू जहाजे किनारा नजरेत येईल इतकी जवळ आली, आणि त्यांना हटकणारे समुद्रावर कोणीही नव्हते. पहाटे ल हाव्रहून 'टी २८', 'म्यॉवे' व 'यागुआर' या टॉर्पेडोनौका धुराच्या पडद्यातून पुढे सरसावल्या आणि 'स्वेनर' ही नॉर्वेजियन विनाशिका बुडवून परतल्या. पंधराव्या तुकडीच्या चौकीनौकाही निघाल्या होत्या. त्यांतील 'व्ही १५०९' ही 'वॉरस्पाइट' या महानौकेच्या तोफांना बळी पडली. दहा-बारा मैल वेगाचा ट्रॉलर आणि पंधरा इंची तोफांची युद्धनौका! माझ्या मते येथे खरी चूक नौकांच्या दुर्बलतेची नसून त्या आदल्या रात्री बंदरात ठेवण्याची होती. वादळात टिकणे हाच ज्यांचा मुख्य गुण, त्यांनाच वादळाच्या सबबीवर घरी बसविण्यात आले. अर्थात त्या बाहेर असत्या तरी स्वारी थांबली नसती. किनाऱ्याला काही तासांची पूर्वसूचना मात्र मिळू शकली असती.

युद्ध संपल्याने या जहाजांचे काम संपले नाही. पेरलेले सुरुंग शस्त्रसंधी जाणत नाहीत. जून १९४५ मध्ये ब्रिटिश देखरेखीखाली जर्मन खलाशांचेच एक सुरुंगनिवारक दल उभारण्यात आले. सुमारे तीनशे जहाजे आणि सत्तावीस हजार माणसे त्यात होती, आणि ते १९४८ च्या प्रारंभापर्यंत चालले. शांततेच्या त्या अडीच वर्षांत त्यातील ३४८ माणसे कामावर मरण पावली. युद्धकाळात बांधलेल्या चोवीस मीटर लांबीच्या 'क्रीग्सफिशकुटर' नौकांची कथा याहून सुखद आहे. अशा सहाशेंवर नौका तयार झाल्या. जर्मन आरमारातील सर्वाधिक संख्येने बांधल्या गेलेल्या जातींपैकी ही एक होती. युद्धानंतर त्या मासेमारीला देता याव्यात असा त्यांचा आराखडा पहिल्यापासूनच केलेला होता, आणि त्याप्रमाणे त्यांतील पुष्कळशा तोफा उतरवून, जाळी चढवून उत्तर समुद्रात व बाल्टिकमध्ये मासेमारीस लागल्या.