यात्रेची बस ठरविताना रंग नको, सांगाडा पाहा

विजयादशमीला दीक्षाभूमी असो, सहा डिसेंबरला चैत्यभूमी असो, किंवा बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी दहा-बारा दिवसांची धम्मयात्रा असो, आमच्या कुडव्यासारख्या गावातून अनेक कुटुंबे भाड्याच्या बसने निघतात. या बसची वर्गणी महिनोन् महिने जमत असते. कोणी राईस मिलमधल्या हमालीतून देतो, कोणी बिड्या वळून, कोणी रोवणीच्या मजुरीतून. मग बयाणा देण्याची वेळ येते आणि तीनच प्रश्न विचारले जातात : भाडे किती? एसी आहे का? गाडी कोणत्या कंपनीची? "टाटाची आहे" किंवा "लेलँडची आहे" असे उत्तर मिळाले की सर्वांचे समाधान होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे विचारल्याशिवाय आणि गाडी स्वतः पाहिल्याशिवाय कोणीही बयाणा देऊ नये.

राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरव्हॅन म्हणजे बिछाना, स्वयंपाकाची जागा आणि संडास यांसह फिरते घर. ती चैन कष्टकऱ्यांच्या खिशाला परवडणारी नाही. आपली कॅरव्हॅन म्हणजे यात्रेची बस. दहा-बारा दिवस आपण तिच्यातच बसतो, झोपतो, कपडे वाळवतो, लेकरांना भरवतो. घर भाड्याने घेताना आपण भिंतीची ओल पाहतो, छपराला हात लावतो. मग ज्या घरात म्हाताऱ्या आईपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे कुटुंब बसवायचे, ते घर केवळ रंग पाहून का ठरवावे?

गाडी एक, कारखाने दोन

देवरी-साकोलीच्या महामार्गावर नुसती चासी घेऊन जाणारे ड्रायव्हर आपण पाहिले असतील. खाली चाके, मध्ये दोन लांब लोखंडी तुळया, पुढे इंजिन, आणि वर ना छप्पर ना दार. उन्हातान्हात तोंडाला फडके बांधून ड्रायव्हर ती हाकत असतो. टाटा, अशोक लेलँड, आयशर यांसारख्या कंपन्यांकडून पुष्कळदा एवढाच माल निघतो. इंजिन, ब्रेक, गिअर कंपनीचे. वरचा सांगाडा, पत्रा, छप्पर, दारे, खिडक्या, आसने आणि दिव्यांची वायरिंग बॉडी बांधणारा दुसरा कारखाना करतो. अपघातात माणसाला वाचवितो किंवा अडकवितो तो बहुतेक हाच भाग.

म्हणून प्रश्न दोन विचारावेत : चासी कोणाची आणि बॉडी कोणाची? काही गाड्या कंपनीच्याच कारखान्यातून पूर्ण बांधून येतात. टाटाच्या काही बसगाड्या धारवाडला अशा तयार होतात, व्होल्वोची बसही पूर्ण बांधून येते. आपल्या एस.टी. महामंडळाचा बॉडी बांधण्याचा कारखाना नागपूरजवळ हिंगण्याला आहे. एकाच कंपनीच्या चासीवर एकाने मजबूत आणि दुसऱ्याने कच्ची बॉडी बांधलेली असू शकते. तेव्हा नुसत्या कंपनीच्या नावावर दोन गाड्यांची तुलना होत नाही.

बॉडी कशी असावी यासाठी केंद्र सरकारचे नियम आहेत. साध्या बससाठी एआयएस ०५२ आणि झोपण्याच्या बससाठी एआयएस ११९ हे मानक आहे. सांगाडा, दारे, संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग, आसने यांचे माप त्यात ठरलेले आहे. गाडी या मानकाप्रमाणे बांधली आहे का, हे गाडीमालकाला विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

रक्ताने लिहिलेला हिशेब

८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईकडे जाणारी खासगी स्लीपर बस नाशिकमध्ये ट्रकशी धडकून पेटली. १२ प्रवासी गेले. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. गाडी दाराच्याच बाजूवर पडल्याने दार खाली दाबले गेले. ३३ पैकी २५ जण जळून गेले. वाचलेल्यांना जीव वाचला तो काच फोडून बाहेर पडता आले म्हणून. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरला निघालेली एसी स्लीपर बस पेटून वीसहून अधिक माणसे दगावली. साध्या गाडीला मागाहून एसी बसविल्याचे तेव्हा बातम्यांतून पुढे आले.

आपल्या जिल्ह्यातही २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि ११ जण गेले. ही सारी उदाहरणे भीती घालण्यासाठी दिलेली नाहीत. बस उलटू शकते, पेटू शकते. तसे झालेच तर सांगाडा चेंगरणार नाही आणि माणूस बाहेर पडू शकेल, एवढे तरी आपण आधी पाहून घ्यावे.

पाहणी कशी करावी

गाडी रात्री किंवा धुऊन ओली असताना पाहू नये. दिवसाउजेडी, कोरडी असताना पाहावी. सोबत टॉर्च, मोजपट्टी आणि एक लोहचुंबक असला की पुरे.

प्रथम दहा-पंधरा पावले मागे उभे राहून गाडीच्या कडेने नजर टाकावी. बाजू सरळ आहे की लाटा दिसतात? गाडी एका अंगाला कलली आहे का? दारे आणि डिक्कीची झाकणे यांच्या फटी सगळीकडे सारख्या हव्यात. एकीकडे बोट जाते आणि दुसरीकडे नखही जात नाही, तर सांगाडा वाकलेला असू शकतो.

मग मागील चाकाच्या मध्यापासून गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजावे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत जेवढे अंतर असेल त्याच्या ६० टक्क्यांपेक्षा हा मागचा भाग जास्त नसावा, असा मोटार वाहन नियम आहे. म्हणजे चाकांत ६ मीटर अंतर असेल तर मागचा भाग ३ मीटर ६० सेंटिमीटरच्या आत हवा. जास्त आसने बसविण्यासाठी मागे लांबविलेली गाडी इथेच पकडता येते.

आता टॉर्च घेऊन खाली वाकावे. पायरीखाली, चाकांच्या वरच्या कमानीत, उभे खांब जमिनीच्या पट्टीला मिळतात त्या सांध्यांत आणि डिक्कीच्या कोपऱ्यांत गंज आधी धरतो. वरवरचा तांबूस थर चालेल. पापुद्रे निघत असतील, किंवा ताज्या काळ्या रंगाखाली खवले लागत असतील तर सावध व्हावे. वेल्डिंगची रेघ सलग हवी, ठिपक्याठिपक्यांची नको. पोलादी खांबाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. न चिकटल्यास रंगाखाली पुट्टी भरली आहे का, हे विचारावे. मात्र बाहेरचा पत्रा अॅल्युमिनियमचा आणि पुढचा-मागचा भाग फायबरचा असू शकतो. तिथे चुंबक चिकटत नाही आणि तो दोष नव्हे.

आत गेल्यावर दाराजवळ आणि चाकांवरच्या फळीवर टाच दाबून पाहावी. फळी दबली तर खालचे लाकूड कुजले असेल. आसन दोन्ही हातांनी धरून जोरात हलवावे. ते हलले तर बोल्ट सैल आहेत, आणि धडक बसली की असे आसन माणसासकट पुढे जाते. छपरावरच्या झाकणाभोवती पाण्याचे डाग आणि कुबट वास म्हणजे गळती. ते पाणी वायरिंगपर्यंत गेले की पुढचा धोका सांगायला नको.

संकटकालीन दार आणि खिडकी नुसती पाहू नये, उघडून दाखवायला सांगावे. "आता जाम आहे, नंतर करून देतो" हे उत्तर मान्य करू नये. त्या मार्गापुढे जादा आसन किंवा बर्थ लावलेला नसावा. काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, आग विझविण्याच्या नळकांड्याची मुदत उरली आहे का, हेही पाहावे. एसी, टीव्ही, चार्जिंगचे प्लग मागाहून लावले असतील तर तारा नळीतून नेल्या आहेत की नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळल्या आहेत, हे झाकण उघडून पाहावे.

शेवटी गाडी सुरू करून गावच्या खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी. सैल खिडकीचा खडखडाट वेगळा आणि खालून येणारा करकर आवाज वेगळा. हा करकर आवाज सांध्यांचा असू शकतो. तो आला तर ती गाडी सोडावी.

कागद आणि बेरीज

आर.सी. पुस्तकात चाकांमधील अंतर आणि आसनसंख्या लिहिलेली असते. तिच्याशी गाडी जुळली पाहिजे. आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करणे कायद्याने चालत नाही. फिटनेसचे प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी घ्यावे लागते. विमा, परमिट, फिटनेस यांची मुदत मोबाईलवरच्या एम-परिवहनमध्ये गाडीचा नंबर टाकून दिसते. शाळेतली मुलेही हे पाहून देतील.

दोन गाड्यांची तुलना करायची तर वहीचे एक पान घ्यावे. सांगाडा, गंज, फळी, आसने, दारे, वायरिंग, कागद असे सात रकाने पाडून प्रत्येकाला दहापैकी गुण द्यावेत. दारे किंवा वायरिंग नापास झाली तर बाकीचे गुण कितीही असोत, ती गाडी बाद. आम्ही एका यात्रेच्या वेळी दोन गाड्या अशाच तपासल्या. एकीची आसने मखमली, आतून निळे दिवे, पण मागची संकटकालीन खिडकी आसनाच्या पाठीने अर्धी झाकलेली. दुसरी फिक्या रंगाची, पडदेही साधे, पण सारे उघडत होते आणि काहीच हलत नव्हते. भाड्यात फरक होता ४,५०० रुपयांचा आणि माणसे होती ४५. म्हणजे डोईमागे १०० रुपये. महिला मंडळाने सभेत तो आकडा ऐकला आणि दुसरी गाडी पक्की केली.

आपली जबाबदारी

गाडी चांगली मिळाली तरी ती आपणच बिघडवू नये. मधल्या वाटेत आणि संकटकालीन दारापाशी गाद्या, पातेली, पोती रचू नयेत. छपरावर जड सामान लादले की गाडीचा तोल वर चढतो आणि वळणावर ती झुकते. गॅसचे सिलिंडर गाडीत नेऊ नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण गेले. स्वयंपाक करायचा तर मुक्कामाच्या ठिकाणी, गाडीपासून दूर करावा.

प्रत्येक यात्रेच्या समितीने गाडी पाहायला तीन जण पाठवावेत. त्यांत एक गाडीकाम जाणणारा मेकॅनिक किंवा वेल्डर असावा, आणि एक बाई असावीच, कारण लेकरू कडेवर घेऊन त्या दारातून तिलाच उतरायचे असते. तिघांच्या सह्या वहीच्या पानावर झाल्यावरच बयाण्याची पावती फाडावी. गाडीमालक नाराज होईल, "इतके कोणी बघत नाही" असे म्हणेल. त्याला सांगावे की आम्ही बघतो. पाच वस्त्यांनी असे बघायला सुरुवात केली की सहाव्या वस्तीला गाडी दाखविण्यापूर्वी तो जाम झालेली खिडकी स्वतःहून दुरुस्त करून ठेवील.