पेला लहान, आले मात्र फार

कर्जत, प्रतिनिधी

बोरघाट चढणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत आलेपाकाची पुडी असणे ही फार जुनी गोष्ट आहे. खोपोली मागे पडून घाटाची वळणे सुरू झाली, की ज्यांना गाडी लागते ती मंडळी वडीचा एखादा तुकडा जिभेवर ठेवतात आणि लोणावळा येईपर्यंत तो पुरवतात. नेरळहून माथेरानला निघालेल्यांचीही तीच रीत. मुंबईच्या लोकलमध्ये आलेपाक विकणारे फेरीवाले आजही भेटतात. हेच आले आता नव्या वेषात आपल्यासमोर आले आहे. परदेशातील ज्यूसच्या दुकानांतून निघालेला ‘जिंजर शॉट’, म्हणजे एका घोटात घशाखाली उतरवायचा आल्याचा तिखटजाळ रस, शहरी स्वयंपाकघरांत चांगलाच रुळला आहे. त्यासाठी लागते काय, तर आले, लिंबू आणि मिक्सर. त्यामुळे शनिवार-रविवारी कर्जत-खालापूरच्या शेतघरांवर उतरणाऱ्यांनाही तो सहज करता येतो.

तो करावा की करू नये, असा वाद घालण्याचे कारण नाही. आल्याचा रस आपल्याला नवा नाही. जेवणापूर्वी आल्याचा तुकडा सैंधव लावून खाणे, आले-लिंबाचे पाचक, खोकल्यावर चमचाभर रस मधातून, हे सारे घरोघरी चालत आले आहे. फरक आहे तो मापाचा. जुन्या रीतीत माप चमच्याचे होते. नव्या रीतीत ते पेल्याचे झाले आहे आणि मिक्सरमुळे हा बदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिशेब साधा आहे. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे १०० ग्रॅम आले वाळवले तर साधारण २० ग्रॅम सुंठ हाती येते. आता १०० ग्रॅम आले मिक्सरमधून काढून त्याचे पाच पेले भरले, तर प्रत्येक पेल्यात २० ग्रॅम आल्याचा, म्हणजेच जवळजवळ ४ ग्रॅम सुंठेचा ऐवज आला. त्यातला काही भाग गाळताना चोथ्यात राहतो हे खरे. तरीही कपभर चहात आपण किसून टाकतो त्या दोन-तीन ग्रॅम आल्याच्या मानाने हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. मळमळीवर आल्याचा उपयोग तपासणाऱ्या अनेक वैद्यकीय चाचण्यांत दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास सुंठपूड दिली गेली होती, आणि दिवसाला ४ ग्रॅमपलीकडे जाऊ नये असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन घट्ट पेले घेणारा माणूस ही मर्यादा नकळत गाठतो किंवा ओलांडतोही.

तिखटपणाचेही थोडे शास्त्र आहे. ताज्या आल्याचा झणका जिंजेरॉल या घटकाचा. आले वाळले की त्यातला काही भाग शोगॉलमध्ये बदलतो आणि तो मुळापेक्षा अधिक तिखट असतो. म्हणून सुंठ कमी घालावी लागते. उलट आले शिजवले, की झिंजेरोन तयार होऊन चव सौम्य, किंचित गोडसर होते. चहातले उकळलेले आले आणि मिक्सरमधले कच्चे आले पोटाला सारखे वाटत नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

आले कोणते घ्यावे, हा प्रश्न या भागात वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. कोकण कृषी विद्यापीठाचे कर्जतचे संशोधन केंद्रही ओळखले जाते ते भाताच्या जातींसाठी. येथे वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि आल्याला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, गड्डे कुजतात. परसात, उतारावर, झाडांच्या सावलीत थोडे आले निघते, पण राज्याच्या बाजारपेठेत मोठा वाटा सातारा जिल्ह्यासारख्या घाटावरच्या भागांचा. लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते आणि ओले, कोवळे आले साधारण दिवाळीनंतर येऊ लागते. म्हणजे भर पावसाळ्यात, जेव्हा सर्दी-खोकल्यामुळे आल्याची आठवण सर्वाधिक होते, तेव्हा मंडईत बहुधा जुने, जून आले असते. त्यात धागे जास्त आणि तिखटपणाही भरपूर. पावसाळी आल्याला पाणी अधिक घालावे, हा नियम त्यातूनच निघतो. निवडताना गड्डा टणक आणि जड हवा. सुरकुतलेला, टोकाला बुरशी धरलेला नको. माती लागलेले आले पाहून नाक मुरडू नये, मात्र बोटे मोडून सुटी करावीत आणि बेचक्यांतली माती घासून काढावी. कच्चाच रस प्यायचा असल्याने येथे आळस परवडणारा नाही.

कृतीचे प्रमाण असे ठेवता येईल : ५० ग्रॅम आले, दीड वाटी पाणी, दोन लिंबांचा रस, दोन चमचे मध किंवा गूळ आणि चिमूटभर सैंधव. आल्याची साल चमच्याच्या कडेने खरवडावी. सुरीने काढली की सालीबरोबर गरही जातो. चकत्या आडव्या, धाग्यांना छेदून कराव्यात. उभे तुकडे टाकले तर लांब धागे पात्याला गुंडाळले जातात आणि मिक्सर कुरकुरू लागतो. चटणीच्या भांड्यात आधी थोड्याच पाण्याबरोबर आले वाटावे, मग उरलेले पाणी घालून थांबत थांबत फिरवावे, म्हणजे रस तापत नाही. पंच्याच्या किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळून पिळावे. हा रस लगेच बाटलीत भरू नये. अर्धा-पाऊण तास स्थिर ठेवला, की तळाशी पांढरा साका बसतो. हा आल्यातला पिष्टमय भाग. आले-लिंबाचे सरबत करणाऱ्या गृहिणी तो टाकून वरचा निवळ रस तेवढा घेतात. तोच धडा येथेही गिरवावा, रस घशाला खरखरत नाही. लिंबू, मध, मीठ शेवटी. या प्रमाणात ३० मिलिलिटरचे आठ-नऊ पेले होतात आणि प्रत्येकात साधारण १ ग्रॅम सुंठेएवढे आले येते. काही जण ओली हळद आणि मिरीही घालतात. हरकत नाही, मात्र मिक्सरचे भांडे पिवळे होईल याची तयारी ठेवावी.

रस काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. पावसात वीज तासन् तास गेली असेल तर बाटली ओतून टाकण्यात कंजुषी नको. त्यापेक्षा बर्फाच्या साच्यात रसाच्या वड्या गोठवून रोज एक कोमट पाण्यात सोडणे सोयीचे.

आता फायद्याविषयी. मळमळीवर, विशेषतः गरोदरपणातील मळमळीवर, आल्याचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. मात्र गरोदर स्त्रियांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. घाटातल्या वडीचे म्हणाल, तर १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फिरत्या खुर्चीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता आणि त्यात सुंठपूड प्रवासातील मळमळीच्या नेहमीच्या गोळीपेक्षा सरस ठरली होती. नंतरच्या प्रयोगांत मात्र निष्कर्ष दोन्ही बाजूंनी आले. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या दाव्याला तेवढाही भक्कम आधार नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुकांचा काढा सुचवला होता. तेव्हापासून आले म्हणजे जणू रोगांविरुद्धचे कवच, अशी समजूत पक्की झालेली दिसते.

ही समजूत या दोन तालुक्यांत अधिक धोक्याची आहे. आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून आवणी करणाऱ्याला किंवा ओढ्यात, धबधब्याखाली भिजून परतलेल्या पर्यटकाला ताप आला, तर तो साध्या सर्दीचाच असेल असे नाही. लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंग्यू यांची सुरुवातही अंगदुखी आणि तापानेच होते. लेप्टोमध्ये पहिल्या काही दिवसांत औषध सुरू होण्याला फार महत्त्व असते. ते दिवस आल्याच्या रसावर काढणे जिवावर बेतू शकते. ताप आला, की आधी रक्ताची तपासणी; रस त्यानंतर, हवा तर.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरीनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज रोजचा पेला सुरू करू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण तो घेतो हे आधी सांगावे. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनीही सल्ला घ्यावा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी उपाशीपोटी लिंबू आणि कच्चे आले एकत्र घेतले, तर छातीत जळजळणार हे ओघानेच आले. त्यांनी जेवणानंतर, भरपूर पाण्यातून घ्यावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातलेला कोणताही रस बोटानेसुद्धा चाटवू नये. मधातून त्या वयात बोट्युलिझम होण्याची भीती असते.

राहिला चोथा. तो टाकून देऊ नये, त्यात बराच तिखटपणा शिल्लक असतो. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून चहाला वापरता येतो. पण आधी पाण्यात चांगला उकळावा आणि मगच दूध घालावे. कच्च्या आल्यातील एक विकर दुधातील प्रथिनांवर काम करून दूध फाडते. उकळीने त्याचा जोर संपतो. पावसाळी सकाळी चहा फाटला, की दोष नेहमी दूधवाल्याच्या माथी जातो; पुष्कळदा तो आल्याचा असतो.