विश्लेषण : जुन्या गिटार अ‍ॅम्पचा आवाज का फाटतो? बिघाड शोधायचा कसा?

१९६०च्या दशकातले व्हॉल्व्हवर चालणारे गिटार अ‍ॅम्प्लिफायर आजही वादक जिवापाड जपतात. पण साठ वर्षे उलटलेल्या या यंत्राचा आवाज एखाद्या दिवशी घोगरा, फाटका येऊ लागतो. मग कोणी ‘सगळे व्हॉल्व्ह बदला’ म्हणतो, तर कोणी ‘आतले सगळे पार्ट नवे टाका’. दोन्हींत खिसा रिकामा होतो आणि मूळ दोष तसाच राहू शकतो. चुकीच्या दुरुस्तीत मूळ ट्रान्स्फॉर्मर जळाला, तर तसा पुन्हा मिळणे कठीण. ‘फेंडर’ कंपनीने १९६३मध्ये आणलेल्या, सुमारे २२ वॉटच्या ‘डिलक्स रिव्हर्ब’ या लोकप्रिय अ‍ॅम्पचे उदाहरण घेऊन बिघाड शोधण्याची पद्धत समजून घेऊ.

फाटका आवाज हा दोष की वैशिष्ट्य?

दोन्ही. रॉक संगीतातला ‘डिस्टॉर्शन’चा आवाज बिघाडातूनच जन्मला. १९५१च्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यात ऐकू येणारा घरघरता गिटार प्रवासात मार बसलेल्या अ‍ॅम्पचा होता, असे सांगितले जाते. ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने १९६४मध्ये तसा आवाज मिळवण्यासाठी स्पीकरचा कागद ब्लेडने कापला होता. मग आपला अ‍ॅम्प आजारी आहे की रंगात आला आहे, हे ओळखायचे कसे? चांगले डिस्टॉर्शन आवाज वाढवल्यावर येते आणि तार हलक्या हाताने छेडली की कमी होते. बिघाडाचे डिस्टॉर्शन अगदी हळू आवाजातही येते. सूर विरत जाताना शेवटी चरचर होते किंवा आवाज मध्येच गुदमरतो. काल नव्हते ते आज अचानक आले, तर तो बिघाडच समजावा.

अ‍ॅम्प उघडण्याआधी काय तपासावे?

सुरुवात अ‍ॅम्पच्या बाहेरून करावी. दुसरी गिटार आणि दुसरी केबल लावून पाहावी. मधले सगळे पेडल काढावेत. काही गिटारमध्ये ९ व्होल्टचा सेल असतो. तो उतरला तरी आवाज हुबेहूब अ‍ॅम्प बिघडल्यासारखा फाटतो.

त्यानंतर स्पीकर. डिलक्स रिव्हर्बमध्ये १२ इंची, ८ ओहमचा एक स्पीकर असतो. अ‍ॅम्प बंद करून त्याच ओहमचा दुसरा चांगला स्पीकर जोडावा. आवाज स्वच्छ आला, तर अ‍ॅम्पचा दोष नाही. जुन्या स्पीकरचा कागद फाटतो, कडेने सुटतो किंवा आतली कॉइल चुंबकाला घासू लागते. कागद दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलल्यावर खरखर जाणवली, तर कॉइल घासते आहे. मात्र स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. त्याने आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो.

दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे कसे कळते?

इथे साधा तर्क कामाला येतो. या अ‍ॅम्पमध्ये ‘नॉर्मल’ आणि ‘व्हायब्रॅटो’ असे दोन चॅनेल आहेत. दोघांचे सुरुवातीचे व्हॉल्व्ह वेगळे, पण शेवटचा टप्पा एकच. आवाज फक्त नॉर्मल चॅनेलवर फाटत असेल, तर मागून पाहताना उजवीकडचा पहिला व्हॉल्व्ह आणि त्याच्या भोवतीचे भाग संशयित. फक्त व्हायब्रॅटोवर फाटत असेल, तर दुसरा आणि चौथा. दोन्हींवर फाटत असेल, तर दोष सामाइक भागात, म्हणजे सहावा व्हॉल्व्ह, दोन ‘६व्ही६’ पॉवर व्हॉल्व्ह किंवा वीजपुरवठ्याचा भाग यांपैकी कुठेतरी.

संशयित छोट्या व्हॉल्व्हच्या जागी त्याच क्रमांकाचा चांगला व्हॉल्व्ह घालून पाहावा. एका वेळी एकच बदलावा. सगळे एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कळतच नाही. तंत्रज्ञ याच्या पुढे जाऊन १ किलोहर्ट्झचा चाचणी सूर आत सोडतो आणि ऑसिलोस्कोपवर एकेका टप्प्यावर लाट पाहतो. ज्या टप्प्यात गोलाई असलेली लाट जाते आणि चेपलेली बाहेर येते, तिथे चोर सापडला.

पॉवर व्हॉल्व्ह लाल का होतो?

व्हॉल्व्हच्या आत नारिंगी तंतू दिसणे नेहमीचे. पण त्याभोवतीचा राखाडी पत्रा लाल होऊ लागला, तर अ‍ॅम्प तत्काळ बंद करावा. या व्हॉल्व्हच्या पाच क्रमांकाच्या पिनवर सुमारे उणे ३५ व्होल्ट असावे लागतात. हा उणे दाब नळाच्या चावीसारखा प्रवाह आवरून धरतो. आधीच्या टप्प्यातला अधिक दाबाचा डीसी इथे येऊ नये आणि फक्त सूर पुढे जावा, यासाठी मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर असतो. तो जुना होऊन गळू लागला की उणे दाब घटतो, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आणि आवाज फाटतो. दोन्ही पॉवर व्हॉल्व्हच्या पाच क्रमांकाच्या पिनवरील व्होल्ट ताडून पाहिले की गळका कंडेन्सर उघडा पडतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम लाल होत असतील, तर उणे दाब तयार करणाऱ्या भागाकडे पाहावे. अशा वेळी नुसते नवे व्हॉल्व्ह घातले, तर तेही जळतात.

सुरासोबत दुसराच बेसूर का ऐकू येतो?

हा सुकलेल्या फिल्टर कंडेन्सरचा प्रताप. भारतातली वीज ५० हर्ट्झची. ती डीसी करताना त्यात १०० हर्ट्झची लहर उरते, ती हे कंडेन्सर सपाट करतात. दोन-तीन दशकांत त्यांच्या आतला ओलावा सुकतो, लहर सुरात मिसळते. मग ४४० हर्ट्झचा सूर वाजवला की त्यासोबत ३४० आणि ५४० हर्ट्झचे भुतासारखे सूर ऐकू येतात. गुणगुण वाढते, खर्जाचे सूर पोकळ लागतात. हे कंडेन्सर अजून कारखान्यातलेच असतील, तर बदलण्यात कंजुषी करू नये. बाकीचे भाग मात्र मोजून, दोष सिद्ध झाल्यावरच बदलावेत. काढलेले मूळ भाग मालकाने परत मागून घ्यावेत. पुढे अ‍ॅम्प विकायचा झाल्यास त्यांना मोल असते.

भारतात वेगळी काळजी कोणती?

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प तिथल्या सुमारे १२० व्होल्टसाठी बनलेला असतो. मुंबई-पुण्यातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावू नये. पुरेशा वॉटचा स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर हवा. मात्र तो व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठीचा ट्रान्स्फॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून तासाभराने तो किती गरम आहे हे पाहावे. जुन्या अमेरिकी अ‍ॅम्पला दोनच पिनांची वायर असते आणि एक कंडेन्सर विजेच्या तारेतून थेट लोखंडी सांगाड्याला जोडलेला असतो. तो निकामी झाला, तर वीज गिटारच्या तारांतून वादकाच्या हातापर्यंत येऊ शकते. त्यामुळे तो काढून तीन पिनांची, अर्थिंगची वायर बसवणे ही आवाजाच्याही आधीची दुरुस्ती.

घरी दुरुस्ती करावी का?

केबल, सेल, स्पीकर आणि छोट्या व्हॉल्व्हची अदलाबदल एवढे कोणीही काळजीपूर्वक करू शकतो. अर्थात, व्हॉल्व्ह काढताना अ‍ॅम्प बंद आणि थंड असावा. सांगाडा उघडणे मात्र वेगळे. आत ४१५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहू शकतो. जाणकार तंत्रज्ञ आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करतो, मीटरवर शून्य पाहतो, मगच हात घालतो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करतानाही तो सिरीज बल्बच्या बोर्डावर लावतो. आत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. म्हणून तंत्रज्ञाकडे जाताना ‘आवाज फाटतो’ एवढेच सांगू नका. कोणत्या चॅनेलवर, किती आवाजाला, चालू केल्यावर किती मिनिटांनी फाटतो, हे लिहून न्या. जमल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. एवढ्या माहितीवर शोधाचे अर्धे काम होते आणि न बिघडलेल्या भागांचे बिल भरावे लागत नाही.