मोजमाप विज्ञानाचे (भाग ६) : दोन टक्क्यांची यादी कशी तयार होते?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी गावोगावची नावे घेऊन येते. अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत! सत्कार होतो, प्रवेशद्वारावर फलक लागतो. यादी कोणी केली आणि कशी, हे मात्र बातमीत क्वचितच असते.

तिचे मूळ युजीन गारफिल्ड यांच्या कल्पनेत आहे. कोणत्या शोधनिबंधाचा संदर्भ पुढे कोणी दिला याची सूची करता येईल, असे त्यांनी १९५५ साली मांडले आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आणला. मूळ हेतू संशोधकाला संबंधित साहित्य सापडावे हा होता. पण मोजता येते ते माणसे मोजतातच, आणि हळूहळू संदर्भांची संख्या हीच योग्यता ठरू लागली. संदर्भ खरे तर उपयोग दाखवतो. आजवर सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. विषय, द्रावणातले प्रथिन कसे मोजावे. त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले आहेत. ‘नेचर’ने २०१४ साली पहिल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा निबंध तीत नव्हता.

२००५ साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. समजा, एका संशोधकाच्या सहा निबंधांना अनुक्रमे ५०, ३०, १२, ६, ५ आणि ३ संदर्भ मिळाले. निदान पाच संदर्भ मिळालेले निबंध पाच आहेत, म्हणून निर्देशांक ५. पहिल्या निबंधाला ५०च्या जागी पाच हजार संदर्भ मिळाले तरी तो ५च राहील. सातत्याने काम करणाऱ्याला हे माप न्याय देते. थोडे पण मूलगामी लिहिणाऱ्याला देत नाही. पीटर हिग्ज यांनी १९६४नंतर दहाहून कमी निबंध लिहिले, आणि आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती, असे ते स्वतःच म्हणाले होते.

हिर्श यांच्याच निबंधात आणखी एक धडा आहे. भौतिकशास्त्रात अव्वल आलेल्या एडवर्ड विटन यांचा निर्देशांक ११०, तर जीवशास्त्रातल्या सॉलोमन स्नायडर यांचा १९१. यावरून स्नायडर विटन यांच्याहून मोठे ठरत नाहीत. जीवशास्त्रात निबंध अधिक निघतात, संदर्भसूच्या लांब असतात, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या बातमीतली यादी ही उणीव भरून काढू पाहते. ती स्टॅनफर्डच्या जॉन योआनिडिस यांनी सहकाऱ्यांसह सुरू केली आणि तिची आकडेवारी ‘स्कोपस’ या माहितीसंचातून येते. हा पुरस्कार नाही. कोणी अर्ज करत नाही, कोणी निवडत नाही, सारे गणितावर ठरते. त्यात सहा मापे एकत्र केली जातात : एकूण संदर्भ, एच-निर्देशांक, सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला निर्देशांक, आणि मग एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने वा प्रथम लेखक म्हणून लिहिलेल्या, आणि या दोन्हींत अंतिम लेखकाचे निबंध मिळवून होणाऱ्या गटांचे संदर्भ. जागतिक पातळीवर पहिले एक लाख किंवा आपल्या उपशाखेत पहिले दोन टक्के, अशी निवड होते. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी, एका वर्षात मिळालेल्या संदर्भांची वेगळी. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून काढलेला क्रमही असतो. बातमी यांपैकी कशाची आहे, हे वाचकाने जरूर विचारावे.

लेखकांच्या क्रमाला एवढे महत्त्व का? २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर निघालेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. प्रत्येकाला पूर्ण श्रेय दिले तर मोजणीला अर्थच उरत नाही, म्हणून ही दुरुस्ती मला पटते. पण गणितात लेखकांची नावे बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. तिघांनी सारखेच काम केले तरी मधल्या आडनावाच्या माणसाचे गुण जातात, आणि ते केवळ आडनावामुळे. आणखी एक उणीव आपल्याला थेट भिडते. या माहितीसंचात भर मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर आहे. मराठीत ग्रंथ लिहून पुढच्या पिढीचा पाया घालणारा इतिहास-संशोधक या गणितात जवळजवळ दिसतच नाही. त्याचे ऋण मात्र त्याच्या वाचकांना ठाऊक असते.

क्रमांकाला मान, बढती आणि पैसा चिकटला की परस्परांना संदर्भ देण्याचे व्यवहारही सुरू होतात. ‘क्लॅरिव्हेट’ ही कंपनी सर्वाधिक उद्धृत संशोधकांची वेगळी यादी काढते. गणितात आकडे फुगवणे सोपे झाले म्हणून २०२३ साली तिने ती शाखाच वगळली. स्वतः हिर्श यांनीही २०२० साली लिहिले की, त्यांचा निर्देशांक सपशेल फसू शकतो आणि त्याचे गंभीर, अनपेक्षित दुष्परिणाम होऊ शकतात.

पुढच्या आठवड्यात नियतकालिकांच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’कडे वळू.