न फोडता ओळखलेली संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, की ती हाती येते. अशा शोधांबरोबर 'बँकेचे व्यवहार अशाच संख्यांमुळे सुरक्षित राहतात' हे वाक्य हमखास येते, आणि ते निम्मेच खरे आहे. कूटलेखनाला मूळ संख्या लागतात, पण साधारण तीनशे अंकी, आणि त्याही गुप्त. जगजाहीर झालेली चार कोटी अंकी संख्या तिथे कुचकामी. मग कौतुक कशाचे? माझ्या मते, ती मूळ आहे हे ज्या रीतीने ठरले तिचे. आणि त्या रीतीचा जनक एदुआर ल्युका बातम्यांत क्वचितच दिसतो.

शाळेतली रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे. इथे वर्गमूळच दोन कोटी अंकी, म्हणजे तो मार्ग बंद. या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ च्या सुमारास वेगळाच प्रश्न विचारला: अवयव शोधायचेच कशाला? कलिंगड न कापता टिचकी मारून पारखतात, तशी संख्या पारखता येईल का? त्याच्या चाचणीला गणितज्ञ लेमरने १९३० मध्ये आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच, घातांकापेक्षा दोन कमी वेळा; शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, तिथे पाचातून दोन गेले, तीन पायऱ्या: १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. शून्य आले, म्हणून ३१ मूळ. (करून पाहाच, पाठ्यपुस्तकात नसलेली गंमत आहे.) ल्युकाने आपल्या पद्धतीने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तीही संगणकाशिवाय. तिचा विक्रम १९५१ पर्यंत टिकला.

ही चाचणी '२ चा घात वजा १' या एकाच साच्याच्या संख्यांना चालते, हा आक्षेप रास्त आहे. कोणत्याही संख्येला लागू पडणारी, खात्रीची आणि तत्त्वतः वेगवान रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण या विशिष्ट साच्यापुरती ल्युकाचीच रीत कितीतरी वेगवान ठरते. संगणक चुकला तर, हाही प्रश्न योग्यच. म्हणून नव्या संख्येची चाचणी निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या प्रोग्रॅमनी पुन्हा केली गेली. बँकेच्या वाक्यातला खरा निम्मा भागही इथेच आहे: मूळ आहे की नाही हे सांगणे सोपे, अवयव पाडणे मात्र महाकठीण, या दरीवरच प्रचलित कूटलेखनाचा मोठा भाग उभा आहे. २ चा १२७७ वा घात वजा १ ही जेमतेम ३८५ अंकी संख्या मूळ नाही, हे सिद्ध झालेले आहे. तिचा एकही अवयव मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.