नवं संशोधन, जुने प्रश्न – लेखांक ११ : तीनशेची रेघ

बाळंतपणानंतर रक्त जातंच. किती गेलं की धोका समजायचा, याचा आकडा प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलेला आहे : ५०० मिलिलिटर. पण लेबर रूममध्ये ते मोजतो कोण? थोडं चादरीवर, थोडं गॉजमध्ये, थोडं टेबलाखालच्या बादलीत. डॉक्टर किंवा सिस्टर त्यावर नजर टाकतात आणि केसपेपरवर अंदाज लिहितात. हा अंदाज बहुधा कमीच निघतो. आणि रक्त जितकं जास्त गेलेलं, तितका तो जास्त चुकतो.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत यावर साधा उपाय काढला. बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींवरचा अभ्यास आला. गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं होतं. तिथेही मोजायला हीच पिशवी होती.

मापाच्या रेघा असलेली अशी पिशवी पुढे आफ्रिकेत एका मोठ्या चाचणीच्या केंद्रस्थानी आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली सुमारे ८० रुग्णालयं, २,१०,१३२ योनिमार्गे प्रसूती. ‘ई-मोटिव्ह’ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष मे २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. नवी पद्धत कुठे वापरायची याची चिठ्ठी बाईगणिक न टाकता रुग्णालयागणिक टाकली होती, कारण एकाच लेबर रूममध्ये एकीसाठी नवी पद्धत आणि शेजारणीसाठी जुनी असं चालत नाही. निवडलेल्या रुग्णालयांत नियम असा होता : ५०० ची रेघ गाठली, किंवा ३०० लाच नाडी-रक्तदाब बिघडलेला दिसला, की थांबायचं नाही. गर्भाशयाचा मसाज, ते आकसण्याचं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी, सगळं एकदम. एक करून बघू, मग दुसरं, ही आपल्याकडचीही जुनी सवय इथे मोडली.

मला सगळ्यात आवडलेली खुबी मात्र तुलनेच्या गटात आहे. तिथेही पिशवी होती, पण बिनरेघांची. तिचं वजन करून संशोधकांनी आकडा काढला, सिस्टरला तो डोळ्यांपुढे दिसत नव्हता. जास्तीचा रक्तस्राव तिथे ५१ टक्के वेळा ओळखला गेला. रेघांच्या गटात ९३ टक्के वेळा. एकत्रित उपचार तिथे १९ टक्के बाळंतिणींना मिळाले, इथे ९१ टक्क्यांना. तीव्र रक्तस्राव, रक्त थांबवण्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांचं एकत्र प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं.

यात नवं औषध एकही नाही. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड तर १९६२ पासूनचं, जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याचं. बाळंतिणींचा जीव ते वाचवतं, हे २०,०६० जणींवरच्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवलं, आणि तीन तासांच्या आत दिलं तरच, हेही. उताको ओकामोटो त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या. औषध वेळेत द्यायचं तर रक्तस्राव आधी वेळेत ओळखायला हवा. तो दुवा इतकी वर्षं नजरेच्या भरवशावर होता.

दोन गोष्टी मात्र नीट वाचायला हव्यात. फक्त मृत्यू वेगळे काढले तर दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका भरत नाही. मोठी घट आहे ती तीव्र रक्तस्रावात. आणि पिशवी व एकत्रित उपचार सोबतच आले, त्यामुळे यशातला वाटा कुणाचा किती, हे या चाचणीतून सुटं करता येत नाही. तरीही २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या मार्गदर्शक सूचनांत ही ३०० ची पातळी स्वीकारली.

आपल्यासाठी अडचण वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या प्रसूती सिझेरियनने झालेल्या दिसतात. तिथे रक्त गर्भजलात मिसळून सक्शनच्या बाटलीत आणि मॉपमध्ये जातं, ही पिशवी तिथे उपयोगाची नाही, आणि ई-मोटिव्हमध्ये सिझेरियन धरलेलीच नव्हती.